निर्मलीकारके : आयसिंग्लास व भेंडी

द्रवातील गढूळपणा आणणारे सूक्ष्म कण एकत्र आणून ते तळाशी बसविणाऱ्या किंवा पृष्ठभागावर आणणाऱ्या द्रव्यांना निर्मलीकारके म्हणतात. आयसिंग्लास हे प्राणिज, तर सातारा व सांगली भागातील गुऱ्हाळांत वापरात असलेली भेंडी हे वनस्पतिज निर्मलीकारक होय.

आयसिंग्लास माशांच्या वाताशयापासून (शरीरातील हवेच्या पिशवीपासून) मिळते व ते मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे असते. प्रारंभी ते रशियातील स्टर्जन माशांपासून मिळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम मर्डॉक यांनी कॉड माशापासून स्वस्त पर्याय काढला. भारतीय किनाऱ्यावरील उत्पादनाविषयी जॉन फोर्ब्स रॉइल यांचे पुस्तक १८४२ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर घोळ, वाम इ. माशांचे वाळविलेले वाताशय ‘भोत’ या नावाने ओळखले जातात.

सौम्य अम्लात फुगविलेल्या आयसिंग्लासवर धन विद्युत् भार असतो, तर बिअरमधील यीस्टच्या कोशिकांवर ऋण भार असतो. त्यामुळे दोन्ही एकमेकांस चिकटून तळाशी बसतात. श्वेत द्राक्षमद्यही अशा रीतीने निवळते. मात्र उष्णतेने कोलॅजेनाची त्रिसर्पिल संरचना मोडून त्याचे जिलेटीन बनते व निवळण्याचा हा गुण बराच कमी होतो.

म्हणूनच काहिलीत उकळणाऱ्या उसाच्या रसास आयसिंग्लास उपयोगी नाही. तेथे भेंडीची खोडे ठेचून पाण्यात कुस्करतात व निघालेला बुळबुळीत द्रव तापत्या रसात घालतात. उष्णतेने साखळलेली प्रथिने व इतर मळ त्यात अडकून मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात सहकारी साखर कारखाने वाढले. साखर कारखान्यांत रस निवळण्यासाठी चुना व सल्फर डाय-ऑक्साइड वापरण्याची पद्धत रूढ आहे. गुऱ्हाळांतही सोडियम हायड्रोसल्फाइट (‘हायड्रॉस’) आले. पिवळ्या गुळास अधिक भाव मिळे व भेंडीस लागणारे श्रम वाचत, ही त्याची कारणे होत. परंतु हायड्रॉस रंग उडविते, मळ काढीत नाही. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो व त्यात गंधकाचा अंश राहतो. त्यामुळे रंगावरून गुळाची शुद्धता ठरविणे फसवे ठरते.

२००१ च्या राज्य धोरणानंतर सांगली जिल्ह्यातील पलूस येथे द्राक्षमद्य उद्यान उभारण्यात आले. द्राक्षमद्यासाठी बेंटोनाइट ही मृदाही वापरली जाते. प्राणिज द्रव्ये टाळण्याकडेही कल वाढला असून गिनेस या आयरिश बिअर उत्पादकाने २०१५ मध्ये आयसिंग्लासचा वापर थांबविण्याचे जाहीर केले. रसायनविरहित गुळाच्या मागणीमुळे भेंडीसही पुन्हा महत्त्व आले आहे.