नोंद झाली, नंबर कुठे?

विदर्भात जातीचा दाखला काढायचा म्हटलं की आजही कोतवाल बुकाच्या नकलेचा शोध सुरू होतो. गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या केशोरीकडचीही हीच रीत. हा सगळा मुलूख 1 मे 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता, त्यामुळे जुनी पानं कुठल्या कचेरीत, इथपासून सुरुवात. मध्य प्रांताच्या काळात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर ठाण्यात द्यायचा. बाळाच्या बापाच्या हाती मात्र नोंदीचा नंबर पडत नसे. आता नातू अंदाजानं साल सांगतो आणि कारकून पिवळी पानं उलटतो. आडनाव वेगळं लिहिलेलं निघालं की आणखी एक खेप.

नोंद करणं वेगळं, तिचा नंबर परत देणं वेगळं. संगणकवाल्यांनीही यात ठेचा खाल्ल्या. वेबसाइटवर नवा सदस्य आला की तक्त्यातला सर्वांत मोठा आयडी विचारायचा आणि तोच त्याचा धरायचा, असा एक सोपा जुगाड होता. दोघांनी एकाच क्षणी नाव नोंदवलं की याचा आयडी त्याच्या गळ्यात! मायएसक्यूएल या डेटाबेसनं शेवटचा आयडी प्रत्येक जोडणीपुरता वेगळा लक्षात ठेवला. पोस्टग्रेसनं डिसेंबर 2006 मध्ये, 8.2 आवृत्तीत, ‘रिटर्निंग’ आणलं: नोंद घे आणि त्याच दमात नंबर दे. एसक्यूलाइटमध्ये हे यायला 2021 उजाडलं.

पण नंबर देणाऱ्या डेटाबेसपर्यंत पोहोचायला रेंजच नसेल तर?

याचं उत्तर आधारच्या पावतीवर आहे. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबारच्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक दिले गेले. तो 12 अंकी क्रमांक जागेवर मिळत नाही; बोटांचे ठसे आणि बुबुळं देशभरच्या नोंदींशी ताडून झाल्यावरच निघतो. शिवाय नोंदणीचं यंत्र ऑफलाइनही चालायचं. तरी माणूस रिकाम्या हातानं परतत नसे. पावतीवर 28 अंक असत: पहिल्या 14 मध्ये यंत्राची ओळख आणि त्यावरचा अनुक्रम, पुढच्या 14 मध्ये तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ. वर कुणाला न विचारता यंत्रानं स्वतः बनवलेला, तरी दुसऱ्या यंत्राच्या नंबराशी न जुळणारा नंबर. जंगलातल्या गावासाठी ‘रिटर्निंग’पेक्षा ही युक्ती सरस.

कोतवाल बुकात आजोबा सापडलेच, तर साल, पान आणि अनुक्रम घरच्या वहीत तेवढा उतरवून ठेवा.