देवाचा हेतू, देवाची वेळ आणि १९३४ चा भूकंप

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी बिहार भूकंपाने हादरला. मुंगेर, मुजफ्फरपूर उद्ध्वस्त झाले, हजारो माणसे मेली. त्या वेळी गांधीजी अस्पृश्यता निवारणाच्या दौऱ्यावर होते. हा दौरा नोव्हेंबर १९३३ मध्ये आपल्या विदर्भातूनच सुरू झाला होता. दक्षिणेतल्या सभांत त्यांनी सांगितले की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची देवाने दिलेली शिक्षा आहे.

वरवर पाहता हे आपल्या बाजूचे बोलणे वाटते. तरीही आपण ते तपासले पाहिजे. देवाच्या नावाने मिळालेला न्याय देवाच्याच नावाने काढूनही घेता येतो.

पहिला प्रश्न वेळेचा. अस्पृश्यता शेकडो वर्षांची. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्याबद्दल आमच्या माणसांवर लाठ्या चालल्या, तेव्हा जमीन हलली नाही. १९३० पासून काळाराम मंदिरासमोर आमची माणसे मार खात होती, तेव्हाही नाही. मग १९३४ च का? आणि महाड-नाशिक सोडून बिहारच का?

दुसरा प्रश्न हेतूचा. शिक्षा द्यायची होती, तर मेले कोण? रवींद्रनाथ टागोरांनी जाहीर विरोध करून हेच दाखवले. अशा संकटात लहान मुले सापडतात, खुद्द अस्पृश्यही सापडतात. कोणताही सुसंस्कृत राज्यकर्ता असा आंधळा दंड करणार नाही. शिवाय, हा भूकंप गांधीजींच्याच पापाचे फळ आहे, असे त्यांचे विरोधकही म्हणू शकतील! गांधीजींनी आपले म्हणणे सिद्ध करता येत नाही हे मान्य केले, पण श्रद्धा सोडली नाही.

हे दोन्ही प्रश्न बौद्ध परंपरेने फार पूर्वी विचारले आहेत. चौथ्या-पाचव्या शतकातले आचार्य वसुबंधू 'अभिधर्मकोशा'च्या भाष्यात विचारतात: जगाचे कारण एकटा ईश्वर असेल, तर सगळे एकदमच का घडत नाही? 'त्याच्या इच्छेप्रमाणे क्रमाने घडते' म्हणाल, तर इच्छा अनेक झाल्या, एक कारण उरले नाही. ती इच्छा दुसऱ्या कारणांची वाट पाहत असेल, तर खरी कारणे तीच. आपल्या बांधीतल्या धानाचेच बघा. बी, पाणी, ऊन, दिवस भरल्याशिवाय लोंबी येत नाही. हे सगळे लागतेच, तर वेगळा कर्ता कशाला? आणि स्वतःच्या आनंदासाठी त्याने जग घडवले असेल, तर प्राण्यांच्या यातना पाहून आनंदणाऱ्याला ईश्वर कसे म्हणायचे?

यावर ठरलेले उत्तर असते: 'देवाची लीला माणसाला कळत नाही.' ठीक आहे. मग शिक्षाही कळत नाही आणि कृपाही कळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. वाचलेल्याला 'देवाने तारले' म्हणायचे आणि मेलेल्यांबद्दल 'लीला' म्हणायचे, हा दुटप्पी हिशेब झाला. माणसे मेली ती दगड-मातीच्या जड भिंतींखाली.

या युक्तिवादाची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. जगात काहीच न करणारा, काहीच न इच्छिणारा देव यातून खोटा ठरत नाही. पण त्या देवाची पूजा कोणी करत नाही. हेतू ठेवून, वेळ साधून फळ देणारा देव मात्र या कसोटीवर टिकत नाही. माणसाची जात त्याच देवाने ठरवली, असे आम्हाला पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी दैवी शक्तीवरचा विश्वास आणि ईश्वरावरचा विश्वास हे दोन्ही 'अधम्म' म्हणून मांडले. कारण आणि कार्य यांत अंतर पडले की माणूस दैवी शक्तीकडे वळतो, हे त्यांनी तिथे दाखवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवातही देव नाकारण्यापासूनच होते.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या बायांवर वीज पडते. 'देवाची मर्जी' म्हटले की विषय संपतो. कारण शोधले की मागण्या सुरू होतात: गावात वीजरोधक हवा, वेळेवर इशारा हवा, ढग गडगडले की मजुरी न कापता काम थांबवायला हवे. मर्जीपुढे हात जोडावे लागतात, कारणापुढे हात चालवता येतात. म्हणून पुढच्या वेळी गावात कोणी 'देवाने नेले' म्हणाले, तर दुःखात असलेल्या घराशी वाद घालू नका. त्या घरासाठी अर्ज लिहा आणि तहसीलवर जा.

जय भीम! नमो बुद्धाय!