लाजेपोटी न सांगितलेले दुखणे

गर्भवतीला आंबट हवे की गोड, हे सारे गाव विचारते. 'पोट साफ होते का?' हे मात्र कुणी विचारत नाही. भोर तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावातली सून आरोग्य केंद्रात तपासणीला जाते, तेव्हा शेजारी सासूबाई असतात. त्यांच्यादेखत ती हे कसे सांगणार? पण या न सांगितलेल्या दुखण्याचा इतिहास फार जुना आहे.

आपले प्राचीन वैद्य याबाबतीत लाजले नाहीत. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीला आठव्या महिन्यात बस्ती द्यायला सांगितले आहे. साठलेला मळ निघावा आणि वायूची गती सरळ व्हावी, हे त्याचे कारणही तिथेच दिले आहे. चरकाचार्यांनी गर्भिणीला सौम्य उपचार करावेत आणि रेचक देऊ नये, असे बजावले. गोपाळराव जोशी यांच्या पत्नी आनंदीबाई १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हाच विषय घेतला होता. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे पुण्यात निधन झाले.

घरात मात्र पोथीपेक्षा एरंडेलाची बाटली जवळची होती. पोट साफ व्हावे आणि बाळंतपण लवकर व्हावे, म्हणून दिवस भरत आल्यावर एरंडेल पाजण्याची चाल अनेक देशांत होती. हे तेल आतड्याबरोबर गर्भाशयालाही चाळवते. ते नेमके कसे, हे २०१२ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवून दिले. रेचकाला चरकांनी केलेली मनाई किती शहाणपणाची होती, हे यावरून कळते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गर्भवतीने एरंडेल घेऊ नये.

हे दुखणे होते तरी का? १९२९ मध्ये अमेरिकेतील कॉर्नर आणि ॲलन यांनी गर्भ टिकवून धरणाऱ्या संप्रेरकाचा शोध लावला. पुढे त्याला प्रोजेस्टेरॉन हे नाव मिळाले. हे संप्रेरक गर्भाशयाच्या स्नायूंना शांत ठेवते, पण त्याच वेळी आतड्यांची हालचालही मंदावते. शिवाय वाढत्या गर्भाचा भार आतड्यांवर येतो. म्हणजे यात बाईचा काहीच दोष नसतो.

दोष असलाच, तर तो परिस्थितीचा. घरात शौचालय नसताना परसाकडे जायला पहाटेची किंवा रात्रीच्या अंधाराची वाट पाहावी लागे. मग दिवसभर बाई पाणी कमी पिई, वेग आवरून धरी. महाराष्ट्रात २००० पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणि देशात २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. गावोगाव शौचालये बांधली गेली, ती गर्भवतीच्या आरोग्याच्या दृष्टीनेही मोलाची ठरली.

आता राहिली लोहाची गोळी. रक्तक्षयाविरुद्ध देशात १९७० पासून लोहाच्या गोळ्या वाटल्या जात आहेत. २०१८ पासून गर्भवतीला रोज एक, अशा १८० गोळ्या द्यायच्या असतात. या गोळीने शौचास काळी होते आणि काहींना मलावरोधही होतो. बाई घाबरते, कुणाला विचारत नाही आणि गोळ्या फडताळात ठेवून देते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत, पण मनानेच सोडलेली गोळी हेही त्यातले एक आहे. बाळंतपणात रक्त गेले, तर अशा बाईचा जीव धोक्यात येतो.

उपाय साधे आहेत. भरपूर पाणी प्यावे. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची कडधान्ये, पालेभाज्या आणि पेरूसारखी फळे खावीत. रोज थोडे चालावे. वेग आला की आवरू नये, कुंथू नये. एवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल किंवा सौम्य औषध घ्यावे. गोळी चहाबरोबर घेऊ नये, आणि त्रास झाला तरी मनाने बंद करू नये. आशाताईंना सांगावे, डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. रक्त पडले किंवा पोटात जोराची कळ आली, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

आणि सासूबाईंनी डोहाळे विचारताना हाही प्रश्न विचारावा. त्या विचारतील, तर सून सांगेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)