कान्हेरीची टाकी

१४. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली ही शंभरावर लेणी. लेखक शिल्पांवर भाळले आहेत. आम्हाला अप्रूप पाण्याच्या व्यवस्थेचं. अनेक लेण्यांच्या दाराशी कातळात खोदलेलं टाकं दिसतं. पावसाचं पाणी पन्हळींवाटे त्यात उतरतं. बसायला दगडी बाकही आहेत. एक टाकं कल्याणच्या सामिदत्त सोनारानं दिलं आणि तसं ब्राह्मी लिपीत कोरूनही घेतलं. पाणपोईवर दात्याच्या नावाची पाटी असते, तसंच. ९० क्रमांकाच्या लेण्यात तर नुसत्या पाहुण्यांची नावं आहेत : इ.स. १००९ आणि १०२१मध्ये येऊन गेलेल्या पारशांची, पहलवी लिपीत. वाचकांनी मात्र हा कित्ता गिरवू नये. लेणी आता संरक्षित स्मारक आहेत. (संपा.)