मोजून खाणे, हळू धावणे

वजन उतरवण्यासाठी आहार आखून देणारी पहिली लोकप्रिय पुस्तिका एका रुग्णाने लिहिली. विल्यम बँटिंग लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करत. 1862 मध्ये, वयाच्या 66व्या वर्षी, 5 फूट 5 इंच उंचीला त्यांचे वजन 202 पौंड, म्हणजे सुमारे 92 किलो होते. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे आणि जिना उतरायचा तर पाठमोरे उतरावे लागे. व्यायाम त्यांनी करून पाहिला होता. रोज सकाळी नदीत नाव वल्हवल्याने अंगात ताकद आली, पण भूक भडकली आणि वजन उलट वाढले. अखेर कानाचे डॉक्टर विल्यम हार्वे यांनी त्यांचे पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे तोडले. साधारण वर्षभरात 46 पौंड उतरले. 1863 मध्ये बँटिंग यांनी हा अनुभव छापला आणि त्या पुस्तिकेच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या.

1918 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी सामान्य गृहिणींना कॅलरी मोजायला शिकवले. तेव्हापासून वजन हा हिशेबाचा विषय झाला, पण हिशेब ताटातलाच राहिला. व्यायामाने केवळ भूक वाढते, ही बँटिंग यांच्यासारखीच समजूत डॉक्टरांमध्येही होती. तिला मोठा धक्का बसला तो पश्चिम बंगालमधून. ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ताग गिरणीतील कामगारांचा आहार व वजन तपासून 1956 मध्ये निष्कर्ष मांडले. अंगमेहनतीचे काम जितके जड, तितके खाणे जास्त. तरी हे लोक सडपातळच. दिवसभर बसून असणारे कारकून आणि दुकानदार मात्र हलके काम करणाऱ्यांपेक्षा अधिक खात आणि वजनानेही भारी होते. अगदीच हालचाल थांबली की भुकेचा अंदाज चुकतो, असा त्याचा अर्थ. आहार आणि हालचाल एकत्र का धरायची याचे इतके नेमके उत्तर त्याआधी कोणी दिले नव्हते.

सामान्य माणसाचे धावणे मात्र वजनाच्या काळजीतून आले नाही. ते हृदयाच्या काळजीतून आले. लंडनच्या दुमजली बसमध्ये सतत जिना चढणाऱ्या कंडक्टरांना बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, हे जेरी मॉरिस यांनी 1953 मध्ये दाखवले होते. त्यानंतर काही वर्षांनी न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडला, आर्थर लिडियार्ड यांनी नवा प्रयोग केला. बुटांच्या कारखान्यात काम केलेले हे प्रशिक्षक. 1960च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल आणि मरी हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी अनुक्रमे 800 आणि 5,000 मीटरची सुवर्णपदके जिंकली होती. लांब अंतर संथ गतीने धावून दम वाढवण्याची त्यांची पद्धत जिंकण्यासाठी घडलेली होती. तीच त्यांनी सुटलेल्या पोटाच्या व्यावसायिकांना आणि हृदयविकारातून उठलेल्यांना दिली. एकच पथ्य होते: शेजाऱ्याशी बोलता आले पाहिजे, धाप लागून बोलणे थांबले, तर वेग जास्त झाला.

1962च्या अखेरीस अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल बॉवरमन ऑकलंडला पाहुणे म्हणून गेले. स्वतःला धडधाकट समजणारे हे 51 वर्षांचे गृहस्थ लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर निघाले आणि पार मागे पडले. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक आजोबा त्यांना सोबत म्हणून हळू धावत राहिले. बॉवरमन वजन घटवूनच मायदेशी परतले. 1963च्या सुरुवातीला यूजीन शहरात त्यांनी नागरिकांना धावण्यासाठी बोलावले. गर्दी इतकी वाढली की कुणाला काही होईल या धास्तीने त्यांना ती आवरावी लागली. मग हृदयरोगतज्ज्ञ वॉल्डो हॅरिस यांच्यासह त्यांनी चालणे आणि धावणे आलटून-पालटून करण्याचा, आठवड्यागणिक चढत जाणारा क्रम बसवला. त्यावरचे 'जॉगिंग' हे पुस्तक 1967 मध्ये आले. नवशिक्यांच्या आजच्या जवळपास प्रत्येक वेळापत्रकाचा सांगाडा तिथे सापडतो.

पुढच्या दशकात अमेरिकेत धावण्याची लाट आली. 1977 मध्ये गाजलेल्या धावण्यावरील पुस्तकाचे लेखक जिम फिक्स पूर्वी स्थूल आणि सिगारेटच्या आहारी गेलेले होते. धावणे सुरू केल्यावर दोन्ही सुटले. 1984 मध्ये, 52व्या वर्षी, धावण्याच्या फेरीतच हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. शवविच्छेदनात धमन्या तुंबलेल्या आढळल्या. त्यांचे वडीलही हृदयविकारानेच 43व्या वर्षी गेले होते. या मृत्यूने धावणे बदनाम झाले, तो धावण्यावर अन्यायच होता.

हिशेबाने पाहिले तरी वजन उतरवायला धावणे एकटे पुरत नाही. 70 किलोच्या माणसाला 5 किलोमीटरमागे साधारण 350 किलोकॅलरी खर्च होतात आणि किलोभर चरबीत सुमारे 7,700 असतात. म्हणजे अशा बावीस फेऱ्या.

1996 मध्ये बोस्टनच्या जॉश क्लार्क यांनी आईला डोळ्यांपुढे ठेवून नऊ आठवड्यांचा क्रम तयार केला. आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला पाच मिनिटे भरभर चालून मग आलटून-पालटून 60 सेकंद धावणे आणि 90 सेकंद चालणे. शेवटी सलग अर्धा तास किंवा 5 किलोमीटर. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने तो स्वीकारला. तीच सेवा वजन घटवण्याची बारा आठवड्यांची योजनाही देते आणि त्यात दिवसाची मर्यादा बायकांसाठी 1,400, पुरुषांसाठी 1,900 किलोकॅलरी ठेवलेली आहे.