पॅरामीशियमची माघार

मागच्या व्याख्यानात आपण देकार्तपाशी थांबलो होतो. प्राणी म्हणजे घड्याळासारखं यंत्र, असं त्याचं म्हणणं; माणसाला तेवढं त्याने त्यातून वगळलं. हाच वाद सव्वाशे वर्षांपूर्वी पाण्याच्या एका थेंबात पुन्हा कसा उभा राहिला, ते आज पाहू. तत्त्वज्ञानाच्या वर्गात याचा उल्लेख सहसा होत नाही. आम्ही मंडळी पुस्तकातून डोकं वर काढायला नाखूश असतो, दुसरं काय!

डबक्याच्या पाण्यातले हे जीव लेवेनहुकने १६७०च्या दशकात पाहिले आणि १६७६ साली रॉयल सोसायटीला त्याबद्दल लांबलचक पत्र धाडलं. पण ते वागतात कसे, हा प्रश्न नेटाने विचारला गेला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पॅरामीशियम आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक आहे: चपलेच्या तळव्यासारखा आकार, लांबी साधारण पाव मिलिमीटर, अंगभर हजारो बारीक केस, ज्यांना पुस्तकात पक्ष्माभिका म्हणतात. हे केस वल्ह्यांसारखे हलवत तो गिरक्या घेत पुढे जातो. वाटेत काही आडवं आलं की केस उलटे चालतात, तो थोडा मागे सरतो, अंग एका बाजूला वळवतो आणि नव्या दिशेने पुन्हा निघतो. पुन्हा आपटला तर पुन्हा माघार.

आता याचा अर्थ काय लावायचा? जर्मनीतून अमेरिकेत गेलेला झाक लोब म्हणत होता की यात गूढ काही नाही. १८९० साली त्याने प्राण्यांच्या प्रकाशाकडे वळण्यावर पुस्तक लिहिलं; रोप उजेडाकडे वळतं तसाच प्राणीही वळतो. शरीराच्या दोन बाजूंना उद्दीपन कमीजास्त मिळालं की शरीर आपोआप फिरतं. त्याचा सुरवंटांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. काचनळीत सुरवंट उजेडाच्या टोकाला जमतात आणि अन्न मागे पडलेलं असताना तिथेच उपाशी मरतात. इच्छा, हेतू हे शब्द लोबला विज्ञानातून हद्दपार करायचे होते. त्याचा आग्रह समजण्यासारखा आहे. त्या काळी प्राण्यांच्या अकलेच्या ऐकीव गोष्टी शास्त्र म्हणून खपत होत्या.

त्याला अडवलं ते हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने, तेही तत्त्वचर्चा करून नव्हे. तो नुसता पाहत बसला. त्याला दिसलं की अडथळा कुठल्याही बाजूला असो, पॅरामीशियम वळतो ते आपल्या शरीराच्या एका ठरलेल्या बाजूलाच. म्हणजे अडथळा त्याला दिशा देत नाही. मग त्याने सौम्य आम्लाचा थेंब पाण्यात सोडला. पॅरामीशियम त्यात गोळा झाले. लोबच्या हिशेबाने आम्लाने त्यांना ओढून घ्यायला हवं. प्रत्यक्षात ते पोहता पोहता सहज आत शिरत होते, वळतबिळत नव्हते. बाहेर पडताना मात्र थेंबाच्या कडेशी आले की तीच माघार, तेच वळण. आत येताना कडेची दखल नाही, जाताना तीच कड भिंत! हे जीव स्वतः सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडभोवतीही असेच अडकून घोळका करतात. ज्याला काही जण संघवृत्ती म्हणत होते, तिची ही कथा. इथे जेनिंग्ज लोबइतकाच कठोर आहे, हे विसरू नका.

१९०६ साली त्याचं खालच्या प्रतीच्या जीवांच्या वर्तनावरचं पुस्तक आलं. त्यातला स्टेंटरचा प्रयोग आपल्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा. स्टेंटर हा कर्ण्याच्या आकाराचा, एका जागी चिकटून राहणारा एकपेशीय जीव. जेनिंग्जने त्याच्या तोंडाशी कार्माइनची लाल पूड सोडली. आधी तो एका बाजूला वाकला. पूड येतच राहिली, तेव्हा केस उलटे फिरवून पाणी बाहेर लोटलं. तरी थांबेना, तर आक्रसून नळीत गेला, बाहेर आला, पुन्हा आक्रसला. शेवटी बूड सोडवून पोहत निघून गेला. त्रास तोच, जीव तोच, पण उत्तर दर वेळी वेगळं. आधी काय घडून गेलं त्यावर अवलंबून. निव्वळ ढकलाढकलीच्या यंत्राला इतिहास कुठून आणायचा?

जेनिंग्ज पुढे असंही म्हणाला, की अमिबा कुत्र्याएवढा असता तर आपण त्याला सुखदुःख, भूक सगळं बेलाशक बहाल केलं असतं. त्याला मन आहेच असं तो म्हणत नाही. कुत्र्याला आपण ज्या पुराव्यावर मन देतो त्याच जातीचा पुरावा इथेही आहे, इतकंच त्याचं म्हणणं.

पॅरामीशियमची माघार पुढे चांगली उलगडली. १९६९ मध्ये नाइतोह आणि एकर्ट यांनी दाखवलं की पुढच्या टोकाला धक्का लागला की पेशीत कॅल्शियमचे आयन शिरतात आणि केस उलटे चालतात. ज्यांना मागे सरताच येत नाही असे उत्परिवर्ती पॅरामीशियमही चिंग कुंग यांनी वेगळे काढले. बुद्धिबळातलं प्यादं मागे येत नाही, म्हणून त्यांचं नावच प्यादं ठेवलं. लोब असता तर खूश झाला असता.

स्टेंटरच्या नशिबी मात्र वेगळंच आलं. १९६७ मध्ये तो प्रयोग पुन्हा केला गेला, जमला नाही, आणि जेनिंग्जचं निरीक्षण अडगळीत गेलं. आता गंमत बघा. जेनिंग्जचा स्टेंटर रोझेली होता. १९६७ मध्ये वापरला तो स्टेंटर सिर्युलियस, ज्याला बसून राहण्यापेक्षा पोहणंच अधिक पसंत! त्रास झाला की तो सरळ निघून जाणार. हे जाहीरपणे दाखवायला २०१९ साल उजाडलं. हार्वर्डमधल्या डेक्स्टर, प्रभाकरन आणि गुणवर्धना या तिघांनी योग्य जातीचा स्टेंटर मिळवला, तोही इंग्लंडमधल्या एका गोल्फ मैदानावरच्या तळ्यातला. पुडीने तो फारसा बधेना, म्हणून प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी वापरले. प्रत्येक स्टेंटरचा क्रम अगदी एकसारखा नव्हता. पण बरेच नमुने पाहिल्यावर चढती पायरी दिसली: वाकणं आणि केस उलटवणं आधी, आक्रसणं आणि सुटून जाणं नंतर. आणि आक्रसायचं की सोडून जायचं, या शेवटच्या वळणावरचे आकडे नाणेफेकीशी जुळत होते. छापा पडो वा काटा, दोन्ही सारखेच संभवत.