रुळांना शेक

गेली 18 वर्षं मी नेपरव्हिलहून शिकागोच्या युनियन स्टेशनला जाते-येते. जाताना 45 किलोमीटर, येताना 45. जानेवारीत घर सोडताना अंधार आणि परततानाही अंधारच. थर्मल, स्वेटर, कोट, मोज्यांच्या दोन जोड्या. गाडीत बसलं की सगळं उतरवायचं, उतरायच्या आधी परत चढवायचं. यंदा नवऱ्याने ह्यूस्टनची घरं बघायला घेतली आहेत. "बास झालं आता," म्हणतो. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही.

नेपरव्हिलमधून शिकागोला थेट गाडी 1864 पासून जाते. आमचे दुमजली डबे मात्र बर्लिंग्टन रेल्वेने 1950 मध्ये आणले, आणि ते ज्याच्या डोक्यातून निघाले त्याला माझा नमस्कार. वरच्या मजल्याला मधोमध जमीनच नाही. दोन्ही कडांना एकेरी बाकांची रांग, मध्ये पोकळ. तिकीट तपासनीस खालून चालता चालताच वरच्यांची तिकिटं बघतो, त्याला जिना चढावा लागत नाही. वर बसणाऱ्याला शेजारी नसतो, त्यामुळे कोट कुठे ठेवायचा हा प्रश्नही नसतो.

थंडीत पोलाद आक्रसतं. रूळ ताणला जाऊन जोडाशी सुटतो, आणि सांध्यात बर्फ बसला की सांधा हलेनासा होतो. म्हणून सांध्यांच्या कडेला नळ्या टाकून गॅस पेटवतात. 30 जानेवारी 2019 ला पारा उणे 30 सेल्सिअसच्या खाली गेला, तेव्हा त्या ज्वाळांचे फोटो जगभर फिरले. नाशिकहून आईचा फोन आला, "अगं, तुमचे रूळ पेटलेत!"

"पेटले नाहीत गं, शेकतायत."

"बाळंतिणीसारखे?" म्हणाली. मग मला सुचलंच नाही काही.

इथली जुनी माणसं मात्र 2019 ला मोजत नाहीत. त्यांचा हिवाळा 1967 चा. 26 जानेवारीला सुरू झालेल्या वादळात 58 सेंटिमीटर बर्फ पडला. हजारो मोटारी आणि शेकडो बस रस्त्यातच सोडून लोक चालत घरी गेले. फावड्याने मोकळी केलेली जागा आपल्या मोटारीसाठी राखायला तिथे घरातली मोडकी खुर्ची ठेवायची, ही शहरातली चाल त्याच वादळापासूनची, असं सांगतात. कायद्यात ती बसत नाही. पण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

1979 च्या बर्फाने तर महापौरांचीच खुर्ची गेली. रस्ते साफ होईनात, लोक गाड्यांवर लोटले. वेग वाढावा म्हणून शहरातल्या 'एल' या उन्नत रेल्वेच्या गाड्या काही स्थानकं गाळू लागल्या, आणि ती मुख्यतः कृष्णवर्णीय वस्त्यांमधली होती. कुडकुडत उभ्या माणसासमोरून गाडी न थांबता गेली की तो ते विसरत नाही. 27 फेब्रुवारीला पक्षांतर्गत निवडणुकीत जेन बर्न यांनी महापौर मायकेल बिलँडिक यांना हरवलं, आणि शहराला पहिली महिला महापौर मिळाली. सगळे बर्फाचंच नाव घेतात. मला वाटतं, त्या गाळलेल्या स्थानकांनी जास्त काम केलं.

ह्यूस्टनचंही सगळं यंत्राच्याच जोरावर. तिथे 1965 मध्ये बेसबॉलचं अख्खं मैदान छताखाली घेऊन गार केलं. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासात बर्फ पडला, लाखो घरांची वीज गेली, पाइप फुटले. तिथल्या मैत्रिणीला मी इथून फोनवर सांगत होते, नळ थेंबथेंब चालू ठेव, सिंकखालची कपाटं उघडी ठेव.

"एकाच वर्षाचं काय धरून बसलीस," नवरा म्हणाला आणि त्याने घराचा फोटो पुढे केला. परसात लिंबाचं झाड, त्याला खरी लिंबं.

"स्टेशन किती लांब?"

"लोकल नाही तिथे. मोटारीनेच जायचं."

"किती वेळ?"

"तासभर. पण एसीत."